शब्दाची जात

परमुलखात नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला तीन भाषांचे तीन अंगरखे बाळगावे लागतात. घरात मराठीचा, बाजारात त्या त्या प्रांताच्या भाषेचा आणि कचेरीत इंग्रजीचा. पहिला अंगाला बसलेला असतो. दुसरा उसना असतो. बाही आखूड, गळा मोठा, पण भाजीवाला आणि टांगेवाला यांच्यापुरते निभावून जाते. तिसरा मात्र गणवेशासारखा. तो चढविला की माणसाची चाल बदलते, आवाज बदलतो, आणि काही काळाने विचार करण्याची रीतही बदलते. आम्ही चौतीस वर्षे हा गणवेश घातला. संबलपूर, पाटणा, शिलाँग, कलकत्ता अशी गावे बदलली, गणवेश बदलला नाही. आता निवृत्त होऊन भोपाळास स्थिरावल्याला बारा-तेरा वर्षे झाली. तरीही कुणी इंग्रजीत दोन ओळी लिहून आणल्या की आमचा हात आपोआप खिशातल्या पेन्सिलीकडे जातो.

इंग्रजीचा हा नाद आम्हांस कचेरीने लावला नाही, आमच्या वडिलांनी लावला. आप्पा अकोल्याच्या एका शाळेत इंग्रजीचे मास्तर होते. त्या काळी 'पार्सिंग' नावाचा एक प्रकार असे. वाक्यातला एकेक शब्द उचलायचा, आणि तो नाम की क्रियापद, विशेषण की अव्यय, हे कारणासह सांगायचे. पुष्कळ मुलांना तो छळ वाटे. आप्पांना त्यात बुद्धिबळातला आनंद मिळे. संध्याकाळी ओसरीवर बसून ते पाटीवर एक शब्द लिहीत आणि आम्हांस विचारीत, "याची जात कोणती?" आम्ही उत्साहाने "नाम!" म्हणून ओरडलो की ते शांतपणे पाटी पुसून टाकीत. त्यांचे म्हणणे असे, की एकट्या शब्दाची जात सांगता येतच नाही. "अरे, आधी त्याला वाक्यात बसव. तिथे तो काय काम करतो ते पाहा. इंग्रजी शब्दाला जात विचारू नये, काम विचारावे."

'राउंड' हा त्यांचा आवडता शब्द. तो एकटा पाच कामे करतो. गोल मेज म्हणताना तो विशेषण असतो. वाटाघाटींची फेरी म्हणताना नाम. कोपऱ्यावरून वळसा घेताना क्रियापद. मागे वळून पाहताना क्रियाविशेषण. आणि मेजाभोवती बसताना शब्दयोगी अव्यय. रूपात काडीचाही फरक नाही. गेला बाजार एखादा प्रत्यय, एखादा काना-मात्रा तरी बदलावा, तेही नाही. एकच नट टोपी न बदलता पाच भूमिका करून जातो आणि प्रेक्षकांनी ओळखावे, अशी अपेक्षा धरतो.

इंग्रजी भाषा मुळात अशी नव्हती. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत प्रेम या अर्थाचे नाम 'लुफू' होते आणि प्रेम करणे या अर्थाचे क्रियापद 'लुफिअन' होते. नामाला नामाचे शेपूट, क्रियापदाला क्रियापदाचे. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. पुढील तीन-चार शतके दरबाराची भाषा फ्रेंच आणि प्रजेची इंग्रजी अशी स्थिती राहिली. शब्दांच्या शेवटचे स्वर त्यापूर्वीच उच्चारात बोथट होऊ लागले होते. या काळात ते झिजत झिजत गळूनच पडले. 'लुफू' आणि 'लुफिअन' या दोघांचेही शेवटी 'लव्ह' झाले. शेपटे गेली, तेव्हा दोघांना वेगळे ओळखण्याची एकच खूण उरली, ती म्हणजे वाक्यातली जागा. एकदा ही सोय हाती आल्यावर इंग्रजांनी तिचा मनमुराद उपयोग केला. शेक्सपिअरने तर वाटेल त्या नामाला क्रियापद करून कामाला जुंपले. हेन्री स्वीट या व्याकरणकाराने १८९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी व्याकरणात या प्रकाराला 'कन्व्हर्शन' हे नाव वापरले. म्हणजे शब्दाने वेष न पालटता घर पालटणे.

आता आपल्या कचेरीतलेच शब्द घ्या. 'नोट' आपण लिहितो, आणि वरून आलेली सूचना 'नोट' करतोही. 'मिनिट' घड्याळात असते, बैठकीच्या इतिवृत्तात असते, आणि साहेबांनी फाईलवर शेरा मारला म्हणजे त्यांनी ती बाब 'मिनिट' केली असेही म्हणतात. 'चेअर' बसण्यासाठी असते. पण सभा 'चेअर' करणारा कित्येकदा उभाच असतो. ठरावाला अनुमोदन देणारा तो 'सेकंड' करतो. आणि एखाद्या अधिकाऱ्याला दुसऱ्या खात्यात उसना धाडला तर इंग्रज म्हणतो, त्याला 'सेकंड' केला. लिहिताना दोन्ही सारखे. बोलताना मात्र पहिल्यात जोर आरंभीच्या अक्षरावर, दुसऱ्यात शेवटच्या. 'रेकॉर्ड', 'परमिट', 'ऑब्जेक्ट' यांचीही गत तीच: नाम असताना आघात पुढे, क्रियापद असताना मागे. आपण मराठी माणसे सगळ्या अक्षरांना समान न्याय देतो, त्यामुळे आपल्या तोंडी हा भेद राहत नाही. 'सँक्शन'ची तऱ्हा तर सर्वांहून न्यारी. क्रियापद म्हणून तो बहुधा मंजुरी देतो; आणि नाम म्हणून अनेकवचनात एखाद्या राष्ट्रावर लादला की त्याच राष्ट्राची नाकेबंदी करतो. खर्च मंजूर करणारा आणि व्यापार तोडणारा शब्द एकच!

या गोंधळात आपणच सापडतो असे मात्र नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकाऱ्यांची संयुक्त बैठक चालली असता 'टेबल' या क्रियापदावरून लांबलचक वाद झाल्याची हकीकत चर्चिल यांनी आपल्या युद्धेतिहासात सांगितली आहे. इंग्रजांच्या मते कागद 'टेबल' करणे म्हणजे तो तातडीने चर्चेस घेणे. अमेरिकनांच्या मते तो बाजूस सारणे. मुद्दा महत्त्वाचा आहे याविषयी दोन्ही पक्षांचे एकमत होते. भांडण झाले ते एका मेजाचे क्रियापद केल्यामुळे.

मराठीचा स्वभाव निराळा. १८३६ साली दादोबा पांडुरंगांनी इंग्रजी व्याकरणाचा नमुना समोर ठेवून 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' लिहिले, आणि शब्दांच्या आठ जाती आपल्या पाठांतरात कायमच्या बसल्या. त्या आठही जाती एकाच शब्दाने फिरून याव्यात असा प्रकार आपल्याकडे विरळा. 'खेळ', 'बोल', 'मार', 'धाव' हे शब्द नामेही आहेत आणि आज्ञार्थी क्रियापदेही आहेत, हे खरे. 'गोड' हे विशेषण पंगतीत नाम होऊन बसते, हेही खरे. परंतु एरवी आपल्या नामाला क्रियापद व्हायचे असेल तर त्याला रीतसर संस्कार करून घ्यावे लागतात. हाताचे 'हाताळणे' होते, लाथेचे 'लाथाडणे' होते, डोक्याचे 'डोकावणे' होते. पाण्याचे 'पाणावणे' होते, आणि तेही फक्त डोळ्यांच्या बाबतीत. इंग्रज 'वॉटर' या एका शब्दात झाडांना पाणी घालतो, घोड्यांना पाणी पाजतो आणि तोंडाला पाणीही सोडतो. मराठीने पाण्याचे क्रियापद केले ते केवळ रडण्यासाठी राखून ठेवले. या निवडीत आपल्या भाषेचा काही एक स्वभाव आहे, असे आम्हांस नेहमी वाटत आले आहे.

इंग्रजी शब्द मराठीत आला की त्याचे स्वातंत्र्यही संपते. त्याला आपण नाम करून खुर्चीवर बसवितो, लिंग देतो, आणि चालायचे झाले तर 'करणे' किंवा 'होणे' याची काठी हाती देतो. फाईल 'करायची', बिल पास 'करायचे', ट्रान्स्फर 'व्हायची'. अलीकडे आमची नात म्हणते, "आजोबा, गूगल करा ना." ज्या शब्दाला ऑक्सफर्डच्या कोशाने २००६ मध्ये क्रियापद म्हणून आत घेतले, त्यालाही मराठीच्या दारात 'करा'ची काठी घ्यावीच लागते. 'बदली' हा शब्द आमच्या जन्माचा सोबती. आमची बदली अनेकदा झाली. पण त्यामुळे आम्ही बदललो, असा अर्थ मराठीत तरी कुणी काढणार नाही. मराठीत रूपावरूनच काम कळते. विराम नसला, जागा चुकली, तरी 'रजा' म्हणजे रजा आणि 'निघा' म्हणजे निघा.

एवढे सगळे आम्ही खेळीमेळीने सांगत बसलो, याचे कारण जी गोष्ट सांगावयाची ती जिभेवर लवकर येत नाही. आता ती सांगतो.

१९८१ च्या ऑगस्ट महिन्यात आम्ही संबलपूरला होतो. एका लहानशा शाखेचे प्रमुख, वय एकोणतीस, आणि इंग्रजी मसुद्याबद्दल वरिष्ठांकडून शाबासकी मिळविलेले. महानदी दुथडी भरून वाहत होती. एका सोमवारी सकाळी अकोल्याहून मामांची तार आली: "फादर सीरियस स्टार्ट इमीजिएटली." आम्ही ताबडतोब कलकत्त्याच्या मुख्य कचेरीस दहा दिवसांच्या रजेसाठी आणि मुख्यालय सोडण्याच्या परवानगीसाठी तार केली. ट्रंक कॉलही नोंदविला. पावसाने लाइन खराब होती, तो लागला नाही. परवानगीवाचून मुख्यालय सोडता येत नाही आणि रजा ही हक्क म्हणून मागता येत नाही, हे नियम आम्हांस तोंडपाठ होते. वाचकांपैकी बहुतेकांनाही ते असतील.

मंगळवारी अकराच्या सुमारास उत्तराची तार आली. तीन शब्द. "लीव्ह ऑर्डर्स फॉलो."

तारेत शब्दागणिक पैसे मोजावे लागत. पूर्णविराम हवा असेल तर 'स्टॉप' लिहावे लागे, आणि तोही एक शब्दच. म्हणून पुष्कळजण तो गाळीत. आम्ही तार हाती घेतली आणि आप्पांनी शिकविल्याप्रमाणे पार्सिंग केले. 'फॉलो' हे क्रियापद, याविषयी शंका नाही. त्याचा कर्ता 'ऑर्डर्स', म्हणून ते नाम. आता उरला 'लीव्ह'. मध्ये विराम नाही. म्हणजे तो पुढच्या नामाला जोडलेला, विशेषणाचे काम करणारे नाम. 'रजेसंबंधीचे हुकूम मागाहून येत आहेत.' अर्थ स्वच्छ होता. हुकूम येईपर्यंत थांबणे प्राप्त होते.

आमचे हेडक्लार्क ओडिया गृहस्थ होते. आमच्यापेक्षा वीसेक वर्षांनी वडील. त्यांनी तार वाचली आणि म्हणाले, "सर, आपल्याला जायला सांगितले आहे." आम्ही त्यांना समोर बसवून व्याकरण समजावून दिले. त्यांनी आमचे ऐकून घेतले, चष्मा काढून पुसला, आणि "आपण म्हणता ते इंग्रजीच्या दृष्टीने बरोबर असेल," एवढेच बोलून ते उठले. आज वाटते, त्या वाक्यात त्यांनी सांगता येईल तितके सांगितले होते.

दुपारी घरी जेवायला गेलो. सौभाग्यवतींनी ट्रंकेत कपडे भरून ठेवले होते. तारेचा मजकूर त्यांनी विचारला नाही. उत्तर आले, एवढेच त्यांना कळले होते. "अहो, तुम्ही निघा," त्या म्हणाल्या. "कागद काय, येतील मागाहून." आम्ही त्यांच्यावर चिडलो. सरकारी कामकाज असे चालत नाही, असे काहीसे बोललो. त्यांनी त्या तीन शब्दांचे बिनचूक भाषांतर करून आमच्या हाती दिले होते, हे आमच्या ध्यानात आले नाही.

बुधवार गेला. गुरुवार गेला. आम्ही टपालाची वाट पाहिली आणि चार्ज कोणाकडे द्यावयाचा त्याचे कागद तयार करून ठेवले. शुक्रवारी सकाळी टपाल आले. त्यात, त्या काळच्या पद्धतीप्रमाणे, तारेची पुष्टी करणारी टपाली प्रत होती. तीत टंकलेखकाने साहेबांचा मसुदा होता तसा उतरविला होता. 'लीव्ह' या शब्दापुढे पूर्णविराम होता. गोल, काळा, ठळक. मग 'ऑर्डर्स फॉलो'. त्याच पाकिटात रजेचा हुकूमही होता. त्यावर मंगळवारची तारीख होती.

आम्ही त्या संध्याकाळी झारसुगुड्याला जाऊन मुंबईकडची गाडी पकडली. बिलासपूर, रायपूर, नागपूर, वर्धा ही स्थानके एकामागून एक गेली. शनिवारी रात्री अकोल्याला घरी पोहोचलो तेव्हा ओसरीवर पुरुषमंडळी बसलेली होती आणि कुणी उठून पुढे आले नाही. आप्पा गुरुवारी रात्री गेले होते. शुक्रवारी दुपारपर्यंत आमची वाट पाहून धाकट्या काकांनी सर्व उरकले होते. मंगळवारी रात्री निघालो असतो, तर बुधवारी रात्री पोहोचलो असतो. आईने पुढे केव्हा तरी सांगितले, की बुधवारी ते चांगले शुद्धीवर होते, दोन चमचे पेज घेतली होती, आणि गाडीची वेळ विचारीत होते. ती हे गाऱ्हाणे म्हणून सांगत नव्हती. म्हणूनच ते ऐकणे कठीण गेले.

दोष कोणाचा? साहेबांनी विराम दिला होता. तारेने तो वाहून आणला नाही, कारण तारेचा तो धर्म नव्हता. आम्ही साहेबांना ही हकीकत कधी सांगितली नाही; सांगून त्यांच्या निवृत्तीनंतरच्या झोपेत खडा टाकण्यापलीकडे काय साधले असते? आम्ही पुष्कळ वर्षे इंग्रजी भाषेला दोष दिला. नाम आणि क्रियापद यांना एकच अंगडे घालणारी ही कसली भाषा, असे म्हणत राहिलो. पुढे कोश चाळताना कळले, की रजा या अर्थाचा 'लीव्ह' आणि निघणे या अर्थाचा 'लीव्ह' हे एका शब्दाचे दोन उपयोगही नव्हेत. ते दोन निराळे शब्द आहेत. पहिल्याचे मूळ परवानगीत आहे; दुसऱ्याचे मूळ 'मागे ठेवणे, उरू देणे' या अर्थात. शतकांच्या झिजेत दोघांचे रूप योगायोगाने सारखे झाले. परवानगी मागणारा एक आणि मागे ठेवून जाणारा दुसरा, असे दोघे एकाच नावाने त्या तारेच्या दाराशी उभे होते, आणि आम्ही चुकीच्या माणसाला आत घेतले.

परंतु वय वाढले तसा हाही आधार सुटला. हेडक्लार्कला कळले, घरात कळले, आम्हांसच कळले नाही, याला भाषा काय करणार? आप्पा म्हणत, शब्दाला काम विचारावे. आम्ही त्या शब्दाला वाक्यातले काम विचारले. त्या वेळचे, त्या तारेमागच्या माणसाचे काम विचारले नाही. मुलाचा बाप आजारी आहे, मुलाने रजा मागितली आहे, आणि वरिष्ठ चोवीस तासांच्या आत उत्तर धाडतो आहे. अशा वेळी तो काय म्हणेल? 'हुकूम येईपर्यंत थांब' एवढेच सांगण्यासाठी कोणी घाईने तार करीत नाही. हे इतके सरळ होते. नियमाच्या धाकाने आम्ही व्याकरणाचा आडोसा घेतला, असेही कधी कधी वाटते, आणि तो विचार आला की आम्ही वाचत असलेले पुस्तक मिटून ठेवतो.

त्यानंतर नोकरीतील तीस वर्षे आम्ही एक गोष्ट कटाक्षाने पाळली. हाताखालच्या कुणाचा रजेचा अर्ज घरच्या आजारपणासाठी आला, की उत्तरात 'लीव्ह' हा शब्द प्रथम येऊ दिला नाही. "प्रोसीड होम टुडे", म्हणजे आजच घरी जा, असे चार-दोन आणे जास्त खर्चून लिहिले. 'प्रोसीड' हा बिचारा क्रियापदच आहे. एकवचनात त्याला दुसरे काही होता येत नाही. आमच्या कचेरीत यावरून थोडी थट्टा होई. जुलै २०१३ मध्ये आपल्या देशातील तारसेवा बंद झाली तेव्हा वर्तमानपत्रांतून पुष्कळांनी आपापल्या तारांच्या आठवणी लिहिल्या. आम्ही त्या सर्व वाचल्या. लिहिले मात्र काही नाही.

रजा हा शब्दही आपला नव्हे. तो अरबी-फारसीतून आला, आणि तिकडे त्याचा अर्थ संमती, राजीखुशी असा आहे. मराठीत येऊन तो सुट्टी झाला, आणि निरोपही झाला. पाहुणा उठताना 'रजा घेतो' म्हणतो ती हीच. आप्पांनी आमची रजा घेतली नाही, आणि आम्ही त्यांची. त्यांच्या पुस्तकांत 'पार्सिंग'ची एक जुनी वही सापडली, ती आम्ही गावोगाव बरोबर नेली. तिच्यात ती टपाली प्रत ठेवली आहे. कागद पिवळा पडला, टंकाची अक्षरे फिकट झाली. पूर्णविराम अजून वाचता येतो.

परवा बंगळूरहून नातीचा फोनवर संदेश आला. इंग्रजीत, अर्थातच विरामांवाचून. आईला बरे नाही, आपण रजा मागितली आहे, साहेबांचे उत्तर आले आहे पण त्याचा अर्थ नीट लागत नाही, असे तिने लिहिले होते, आणि खाली ते उत्तर जसेच्या तसे जोडले होते. आम्ही चष्मा लावला. पेन्सिलीकडे हात गेला. मग पेन्सिल ठेवून दिली, उत्तर वाचलेच नाही, आणि तिला मराठीत एक शब्द लिहून पाठविला: "नीघ."